वाडीचा रस्ता मंजूर होतो, पण होत नाही. झाला तर टिकत नाही

आमच्या वाडीचा रस्ता तीनदा मंजूर झाला आणि तिन्ही वेळा निधी परत गेला. चौथ्यांदा एकदाचा झाला, तर दुसऱ्या पावसाळ्यात नवरात्रापर्यंत त्याची खडी वहाळात (ओढ्यात) जाऊन बसली होती. आम्ही आधी सरपंचांना बोललो, मग ठेकेदाराला, मग ‘वरच्यांना’. बोलून झाल्यावर एकदा सगळे कागद ओटीवर पसरून बसलो, तेव्हा लक्षात आलं की निधी परत जाणं आणि रस्ता वाहून जाणं हे एकच दुखणं आहे. आम्ही रस्त्यापुरती जागा मागितली होती, तीही तोंडी. पाण्यासाठी जागा कोणी मागितलीच नव्हती.

वाडी सिंधुदुर्गातली. वर सडा (जांभ्याचं पठार), खाली खाडी, मधल्या उतारावर ३१ घरं आणि ४२० मीटरची वाट. कोकणात अशा शेकडो वाड्या आहेत, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितो. अनुभव ग्रामपंचायत हद्दीतला आहे. नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत कागदांची नावं बदलतात, भांडणं मात्र हीच असतात.

पहिली तपासणी: तुमचा रस्ता कागदावर नेमका काय आहे?

‘रस्ता आमच्या आज्यापासून आहे’ हे वाक्य कार्यालयात चालत नाही. चार ठिकाणी बघायचं.

एक, गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल घ्या. नकाशावर एकेरी तुटक रेषा असेल तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. यातलं काही सापडलं तर अर्धी लढाई जिंकलात, कारण मग ‘नवीन रस्ता’ मागायचा नसून जुन्याची हद्द कायम करून घ्यायची असते.

दोन, ज्या ज्या सर्व्हे नंबर-हिश्श्यातून वाट जाते त्या प्रत्येकाचा सातबारा. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, वहाळ, तळं अशा सार्वजनिक वापरामुळे आकारणीतून सोडलेलं क्षेत्र. ‘ब’ मध्ये दोन-तीन गुंठे दिसले तर ते कशापायी सोडले हे जुन्या फेरफारात शोधा. आम्हाला एका हिश्श्यात असे दोन गुंठे मिळाले, आणि ‘हय कधी वाट नव्हतीच’ म्हणणारे शेजारी त्या दिवसापासून जरा मवाळ झाले.

तीन, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर २३, म्हणजे रस्त्यांची नोंदवही. गावात सगळे नुसतं ‘तेवीस नंबर’ म्हणतात. नोंद असेल तर लांबी आणि रुंदी काय लिहिली आहे ते पाहा. बऱ्याच ठिकाणी रुंदीचा रकाना कोरा असतो किंवा सगळ्या रस्त्यांना एकच आकडा दिलेला असतो.

चार, जिल्हा परिषदेच्या यादीत त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक आहे का. क्रमांक असला तर पैशांची वेगळी दारं उघडतात, ते पुढे येईल.

तेवीस नंबरबद्दल एक मोठा गैरसमज आहे. नोंद झाली म्हणजे जागा पंचायतीची झाली असं नाही. ती नोंदवही आहे, मालकीचा दस्त नाही. सातबाऱ्यावर खाजगी नावं तशीच असतील आणि त्यांची लेखी संमती नसेल, तर उद्या कोणीही गडगा (दगडी कुंपण) घालून वाट अडवू शकतो. पंचायतीने तो पाडला तर तोच पंचायतीला कोर्टात खेचतो. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली एका बाईची जमीन भूसंपादन न करता रस्त्यात घेतली होती. सरकार म्हणत होतं की तिची तोंडी संमती होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते मानलं नाही आणि तिला मोबदला द्यायला लावला. पन्नास वर्षांनी! म्हणून ‘काका हो म्हणालेत’ एवढ्यावर कोणी अंदाजपत्रक करायला बसू नये.

दुसरी तपासणी: चुकीच्या दारात तर उभे नाही ना?

आमचे १४ महिने इथे गेले. कोणीतरी सांगितलं, तहसीलदारांकडे कलम १४३ खाली अर्ज करा. केला. तारखा पडल्या, स्थळपाहणी झाली, आणि शेवटी कळलं की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधलं कलम १४३ हे शेतजमिनीला जाण्यासाठी, तेही बांधावरून रस्ता देण्यासाठी आहे. घरांना जाणारा रस्ता त्यात बसत नाही. तहसीलदारांची चूक नव्हती. आम्ही अर्जातच ‘वाडीतील घरांकडे जाणेसाठी’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

तुमच्या वाटेच्या टोकाला खरोखर शेती किंवा कलमांची बाग असेल तर मात्र हे दार उपयोगी आहे. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असं सांगितलं आहे. तहसीलदारांचा निर्णय पटला नाही तर वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो.

शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी नुकतीच अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. त्याला मुदत अडवल्यापासून सहा महिने. कोकणात हीच मुदत हमखास चुकते. गडगा घातला जातो दिवाळीनंतर, आणि चाकरमानी भाऊ ‘मे महिन्यात आल्यावर बघू’ म्हणतात.

वाटेवर अतिक्रमण झालं आणि ती वाट सार्वजनिक आहे हे कागदावर दाखवता येत असेल, तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५३ पंचायतीला ते काढायचा अधिकार देतं. ‘कागदावर’ या शब्दाखाली दोन रेघा मारा.

राहता राहिलं दिवाणी न्यायालय आणि १८८२ चा सुविधाधिकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वापरण्यासारख्या हक्कांचा). त्याच्या कलम १५ प्रमाणे उघडपणे, अडथळ्याविना, हक्काने २० वर्षं वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो. मात्र ती २० वर्षं दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी हवीत. म्हणजे वाट बंद होऊन तीन वर्षं झाल्यावर जाग आली तर उपयोग नाही. ‘दुसरी वाटच नाही, म्हणून हक्क’ हा आवडता मुद्दाही सरसकट लागू होत नाही. दोन्ही जमिनी मुळात एकाच्या होत्या आणि वाटणीमुळे एक कोंडली गेली, असं दाखवावं लागतं.

आणि आता खास कोकणातला घोळ, पाखाडीचा. पिढ्यान्‌पिढ्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून माणसं ये-जा करतात, म्हणून रिक्षा जाईल एवढा रस्ता हा आपला हक्कच आहे असं आपण धरून चालतो. तोच सुविधाधिकार कायदा साफ सांगतो की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. डोक्यावर भारा घेऊन जायचा हक्क म्हणजे गाडी न्यायचा हक्क नव्हे. चार फुटांची पाखाडी सिद्ध झाली तरी उरलेली जागा मागूनच घ्यावी लागते. कोर्टात आठ-दहा वर्षं काढून शेवटी पाखाडीच पदरात घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

घरांच्या रस्त्याला म्हणून माझ्या मते एकच चालणारा मार्ग आहे, तो म्हणजे जमीनमालकांकडून लेखी जागा मिळवणं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे भूसंपादन करता येतं, पण एका वाडीच्या ४०० मीटरसाठी ती मोठी यंत्रणा हलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सह्या

खरं काम हेच. निधी आणणं त्यामानाने सोपं.

आमच्या ४२० मीटरमध्ये नऊ हिस्से येत होते आणि नऊ सातबाऱ्यांवर मिळून ६८ नावं होती. त्यातली १९ माणसं वारलेली. एका सातबाऱ्यावर तर पणजोबा अजून हयात होते. सामायिक जमिनीत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क कणाकणावर असतो. गावात राहणाऱ्या एकाने सही दिली म्हणून मुंबईतल्या सात जणांचा हक्क जात नाही. तीनदा निधी परत गेला तो याच ठिकाणी. पंचायतीकडे प्रत्येक सातबाऱ्यामागे ‘गावात असलेल्याची’ एकेक सही होती. काम सुरू करायला जेसीबी आला की डोंबिवलीहून किंवा विरारहून फोन यायचा, ‘आमका इचारल्याशिवाय गडगो पाडलो कोणी?’ त्याचं चुकलं असं मला आज वाटत नाही.

म्हणून आधी वारस नोंदी. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यायचा, ई-हक्क प्रणालीवरूनही देता येतो. फेरफाराची नोटीस निघते, १५ दिवस हरकतीची वाट पाहायची. तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचं असतं. आमच्याकडे दोघेही भाऊसाहेबच आहेत, पण अर्जावर नवं पदनाम लिहा. एकोणीस वारस नोंदींना आम्हाला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला. त्या काळात निधीसाठी कोणाच्याही दारात गेलो नाही. लोक म्हणायचे, काम थंड पडलं. उलट पहिल्यांदाच काम सुरू झालं होतं.

मग सही कशावर घ्यायची? स्टॅम्प पेपरवरचं संमतीपत्र निधीच्या फाइलला पुरतं, आणि बहुतेक कार्यालयं तेवढंच मागतात. पण संमती देणारा वारला, जमीन विकली गेली किंवा भावाभावांत फाटलं की त्या कागदाचा जोर ओसरतो. पक्कं काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र. स्थावराचं बक्षीस तोंडी होत नाही. दस्त नोंदवावा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक शुल्क आणि तुकडेबंदीची (ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा हस्तांतरित करायला मनाई) अडचण आधीच दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. शेतरस्त्यापुरता छोटा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने हस्तांतरित करायची वाट २०२४ च्या सुधारित नियमांनी मोकळी केली आहे; घरांच्या रस्त्याला ती लागते का, तेही तिथेच विचारा. दस्तानंतर मोजणी आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, नाहीतर सातबाऱ्यावर क्षेत्र जुनंच राहतं आणि वीस वर्षांनी नातू पुन्हा गडगा घालतो.

आम्हाला नऊपैकी सहा हिश्श्यांची बक्षीसपत्रं मिळाली, दोघांची संमतीपत्रं. एक हिस्सा अजून राहिला आहे, त्याची गोष्ट शेवटी.

लोक नाही का म्हणतात, यावर थोडं. आम्ही ‘विकासाला आडवे येणारे’ असा शिक्का मारून मोकळे झालो होतो. प्रत्यक्ष बसून विचारलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. एका आजोबांनी तर जागेला नाही म्हटलंच नव्हतं: ‘जागा घेवा रे, मी ती वांगडा थोडीच न्हेतलंय! पण कागदार सय मागू नकात.’ त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि एक कुणगा (शेताचा तुकडा) गेला होता. त्यांना आम्ही नकाशा काढून, मीटरमध्ये मापं लिहून, मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी सही झाली. दुसऱ्या एकाला गडग्याची चिंता होती. जांभ्याचा गडगा मोडला की परत कोण बांधून देणार? तिसऱ्याच्या हद्दीवर आंब्याचं कलम होतं, ते अजून धरतं.

तर जागेचा आकडा सांगा, ‘थोडीशी’ म्हणू नका. वाट आधीच दोन मीटर असेल आणि तुम्हाला पाच मीटर हवी असेल, तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. ज्याची बाजू ४० मीटर लांब आहे त्याची ६० चौरस मीटर जागा जाते, म्हणजे जेमतेम सहा दशांश गुंठा. हा आकडा ऐकून माणूस गप्प होतो आणि मग नीट बोलतो. गडगा नव्या हद्दीवर बांधून द्यायचा खर्च वाडीने वर्गणीतून काढावा आणि तसं लिहून द्यावं. आंबा, फणस, ऐन, किंजळ तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शक्य तिथे रस्ताच दोन हात वळवा. वळणाने कोणाचं नुकसान होत नाही, कलम गेलं की घराची उन्हाळ्याची मिळकत जाते.

सह्यांचा हंगाम गणपतीचा. शिमग्यातही माणसं येतात, पण पालखीच्या गडबडीत कोणी कागद वाचत नाही. गणपतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आरतीनंतर, सगळे भाऊ एका खळ्यात असतात. मसुदे श्रावणातच तयार ठेवा. नोंदणी कार्यालयात सगळ्यांना एकत्र नेणं जमणार नसेल तर गावातल्या एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या. पत्ते आणि आधारची झेरॉक्स तेव्हाच मागून ठेवा. पुढे व्हॉट्सॲपवर मागितलं की निळ्या टिका येतात, कागद येत नाही.

पाण्याची जागा

रस्ता झाल्यावर तो का गेला, हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उतारावरची वाडी म्हणजे सड्यावरचं सगळं पाणी आपल्या अंगणातून खाडीला जायला निघालेलं असतं. जुन्या लोकांना हे माहीत होतं. पाखाडीच्या कडेने नीट पाहिलंत तर डोंगराच्या बाजूला जांभ्यात कोरलेली वीतभर चर दिसते. आम्ही पाखाडी फोडली, चर बुजवली, आणि तीन मीटर जागेत काठोकाठ तीन मीटर डांबर घातलं. गटार कुठे? जागाच नव्हती. मग रस्ताच गटार झाला. डांबराला पाण्यासारखा वैरी नाही. खालून जांभ्याचा मुरूम भिजतो, वरून प्रवाह कड खातो, आणि कड सुटली की खडी माळेतल्या मण्यांसारखी ओघळते.

तीन मीटर रस्त्याला पाच मीटर जागा मागा, ती याचसाठी. तीन मीटर पृष्ठभाग, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर बाजूपट्टी, डोंगराच्या बाजूला साधारण ६० सेंटिमीटर गटार, आणि गडग्याच्या पायाला थोडी मोकळीक. पाच मीटर मिळतच नसेल तर तीन मीटरचा हट्ट सोडा. अडीच मीटर काँक्रीट आणि त्याला जोडून बशीसारखं उथळ गटार, ज्यावर रिक्षाचं चाक गेलं तरी चालेल, हे तीन मीटर बिनगटाराच्या रस्त्यापेक्षा दहा वर्षं जास्त टिकेल. ‘रुंदी कमी झाली’ म्हणून ओरड होईल, होऊ दे.

गटाराचं पाणी शेवटी सोडायचं कुठे? हा प्रश्न आमच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. रस्ता होण्याआधी पाणी दहा ठिकाणांहून झिरपत जातं. गटार झालं की ते गोळा होऊन एका तोंडाने सुटतं, आणि त्या तोंडाखाली कोणाचं तरी आगर (नारळी-पोफळीची बाग) असतं. म्हणून रस्त्याच्या संमतीबरोबर पाणी सोडायच्या जागेचीही लेखी संमती घ्या, आणि ते तोंड नैसर्गिक वहाळापर्यंत बांधीव न्या. मोरीचा (रस्त्याखालून पाणी काढायचा) पाइप ३०० मिलिमीटरचा घालू देऊ नका, पहिल्याच पावसात पाल्याने आणि नारळाच्या सोडणांनी बुजतो. ६०० च्या खाली जाऊ नये, जमलं तर ९००, म्हणजे माणूस आत वाकून साफ करू शकतो.

एक सोपी चाचणी, जी कोणी करत नाही: आखणी करायच्या आधी जुलैमध्ये, धो धो पडत असताना, छत्री घेऊन वाटेवर चाला आणि पाणी कुठून येतं, कुठे ओलांडतं ते मोबाइलवर टिपून ठेवा. शाखा अभियंता पाहणीला येतात फेब्रुवारीत. तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं, त्यांना मोरीची जागा स्वप्नात दिसणार नाही. आमच्या दुसऱ्या अंदाजपत्रकात दोनऐवजी पाच मोऱ्या आल्या त्या या चित्रफितींमुळे.

पैसे

यावर फार लिहीत नाही, कारण कागद पुरे असतील तर पैसे मिळतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठी राखलेला, भाग पाणी आणि स्वच्छतेकडे जायचा. रस्ता बसायचा तो ४० टक्के अबंधित भागात, आणि लहान पंचायतीला त्यातून ५०-१०० मीटरच जमायचे. रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक असेल तर जिल्हा नियोजनातून ३०५४ किंवा ५०५४ लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं). लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचं २५१५. आमदार निधी, डोंगरी विकास, वस्ती पात्र असेल तर अनुसूचित जाती वस्ती विकास. पावसाळ्यात ग्रामसभेचा ठराव करून काम आराखड्यात घाला.

फाइल अडते ती बहुधा कामाच्या नावावर. ठरावात ‘ब्राह्मणदेव मंदिर ते खालचीवाडी रस्ता’, संमतीपत्रात ‘वाडीचा रस्ता’, तेवीस नंबरला तिसरंच काहीतरी. हे तिन्ही शब्दशः एक हवेत, आरंभ आणि शेवट दोन्ही टोकं लिहिलेली. आणि नावातच ‘काँक्रिटीकरण करणे व गटार, मोरी बांधणे’ असं घाला. नुसतं ‘डांबरीकरण’ मंजूर झालं की गटाराला त्यातून पैसा काढता येत नाही, मग कितीही पटवून सांगा. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी साधारण पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करता येतो. घाईघाईने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काम उरकायला कोणी आलं तर ही गोष्ट आठवण करून द्या.

काम चालू असताना

उतारावर काँक्रीट, सपाट आणि कोरड्या सड्यावर डांबर, हे माझं मत. पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पण चढावर कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर खालची वाळू धुऊन जाते आणि ब्लॉक एकेक करून खाली निघतात.

काँक्रीटचा हिशेब कोणालाही करता येतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर. एम-२० चं एकास दीडास तीन मिश्रण असेल तर घनमीटरला आठेक पोती सिमेंट, म्हणजे साधारण ३६० पोती. रिकामी पोती मोजायचं काम आमच्याकडे दहावीच्या सुट्टीतल्या पोरांनी केलं, आणि ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून त्यांना भजी खायला घातली. जाडी मोजायची ती फळीच्या कडेला नव्हे, मध्ये. मधला मुरूम उंच ठेवून कडेला सहा इंच दाखवता येतात. ढाळ डोंगराकडच्या गटाराकडे हवा, तीन मीटरला सात-आठ सेंटिमीटर. दर अडीच ते चार मीटरवर काप मारून घ्या, नाहीतर भेगा स्वतःची जागा स्वतः शोधतात.

पाणी मारणं किमान १४ दिवस. आणि इथे कोकणाची गंमत: एवढा पाऊस, तरी एप्रिल-मे मध्ये विहिरी तळाला गेलेल्या, प्यायला टँकर. मेच्या उन्हात घातलेलं काँक्रीट तहानेने मरतं. डिसेंबर-जानेवारीत काम होईल असा आग्रह धरा, तेव्हा वहाळाला पाणी असतं.

मोजमाप पुस्तिकेची आणि अंदाजपत्रकाची नक्कल माहितीच्या अधिकारात मिळते, ३० दिवसांत. भांडण झाल्यावर नव्हे, काम चालू असताना मागा.

काही जमिनी वेगळ्या

सातबाऱ्यावर वनसंज्ञा (कागदोपत्री वन ठरलेली जमीन) किंवा खाजगी वनाची नोंद असेल तर मालकाच्या सहीने काही होत नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली मात्र गावच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वन विभागाकडून मागता येते. खाडीकाठी कांदळवन असेल तर तिवराचं (कांदळाचं) एक झाडही हलवायच्या आधी परवानगी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडीवर बंदी घातली आहे आणि भराव टाकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, मग तो वाडीचा रस्ता असो की बिल्डरचा. आंबोली, गेळे, चौकुळसारखी कबुलायतदार गावकर (संस्थानकाळापासून गावकऱ्यांकडे सामायिक असलेली) जमीन असेल तर सही द्यायची कोणी, तिथपासून प्रश्न सुरू होतात.

राहिला आमचा नववा हिस्सा. वाटेचे शेवटचे साठ मीटर. त्या काकी एकट्या राहतात आणि तीन वेळा नाही म्हणाल्या. चौथ्या वेळी मी रस्त्याबद्दल बोललोच नाही. त्यांच्या मागच्या दारी गेलो तर दिसलं की आमचं नवं गटार जिथे संपतं, तिथून पाणी थेट त्यांच्या विहिरीच्या कठड्याला लागतं. ‘तुमचो रस्तो सुको रवलो,’ त्या म्हणाल्या, ‘माजी बाव गढूळ झाली.’ गटार आणखी २२ मीटर वहाळापर्यंत न्यायचं अंदाजपत्रक आता पंचायतीत दिलं आहे. सहीचा कागद मी अजून काढलेला नाही. आधी पाणी वळू दे.